अमेरिकेत तपकीर, स्नस (ओठाखाली धरायची ओलसर तंबाखू) किंवा चघळायची तंबाखू टपालाने मागवता येते का?

सरकारी टपालाने नाही. २०१० च्या ‘पॅक्ट’ या सिगारेटची चोरटी विक्री रोखणाऱ्या कायद्याने सिगारेटबरोबर बिनधुराची तंबाखूही टपालातून बाद केली. तोंडात धरायची असो की नाकात ओढायची, दोन्ही त्यात आली. गंमत म्हणजे सिगार मात्र सुटला.

ऑनलाइन विक्री पूर्ण बंद नाही. पण विक्रेत्याला खाजगी कुरियर गाठावं लागतं, ग्राहकाच्या राज्याचा कर आधीच भरावा लागतो, वय तपासावं लागतं. एका पार्सलमध्ये १० पौंडांपेक्षा जास्त माल चालत नाही. दारात सही करून ओळखपत्र दाखवायला मोठं माणूस हवं, म्हणजे तुम्ही ऑफिसला असलात की डबा आला तसा परत. ऑनलाइन स्वस्त पडेल हा मुद्दा तर करानेच संपतो.

डिपिंगवाल्यांचं, म्हणजे ओठ आणि हिरडीच्या मधे तंबाखू धरणाऱ्यांचं, फारसं अडत नाही, त्यांचा डबा पेट्रोल पंपावरच्या दुकानातही मिळतो. खरी पंचाईत तपकीरवाल्यांची. ती ठेवणारी दुकानंच मोजकी, त्यामुळे त्यांची सगळी भिस्त पार्सलवर होती.

आणि हो, गावाहून आईला ‘लोणच्याच्या बरणीमागे मशेरीची पुडी सरकव’ असं सांगायच्या भानगडीत पडू नका. परदेशातून येणाऱ्या टपालालाही हीच बंदी आहे. सापडलं तर माल जप्त होतो, शिवाय किरकोळ किमतीच्या १० पट दंडाची तरतूद आहे. माझं विचाराल तर एवढ्या खटाटोपात सोडणंच सोपं पडेल, पण तो तुमचा प्रश्न नव्हता.