मॉडेलच्या आधी टेक लॉग वाच

अगं, तुझा मेल वाचला. विमानाचं इंजिन कधी बिघडणार हे आधीच सांगणारं तुझं मॉडेल नासाच्या सीमॅप्स डेटावर मस्त चालतंय म्हणतेस, चालणारच की, तो सिम्युलेशनचा डेटा, ट्रेनिंगमधलं प्रत्येक इंजिन फेल होईपर्यंत पळवलेलं. खऱ्या एअरलाइनमध्ये इंजिन मरेपर्यंत कोण चालवतं? पार्ट आधीच बदलतात, म्हणजे तुला जे शिकवायचंय नेमकं तेच डेटात नसतं.

आता इजीटी मार्जिन घे, म्हणजे इंजिनच्या एक्झॉस्टच्या टेम्परेचरला (इजीटी) लिमिटपर्यंत उरलेली जागा. इंजिन जुनं होतं तसं टेकऑफला एक्झॉस्टचं टेम्परेचर वाढतं, लिमिटपर्यंतची जागा कमी होत जाते, ग्राफ हळूहळू खाली येत असतो आणि मधेच एक दिवस टुणकन वर. इंजिन काय आपोआप तरुण झालं? कॉम्प्रेसर वॉश केला असतो, म्हणजे इंजिन आतून धुतलेलं, धूळ-मीठ निघालेलं असतं. आणि इजीटी एकटंच उडालं पण फ्युएल फ्लो, एन2 (इंजिनच्या आतल्या शाफ्टचा वेग) जागेवर आहेत, तर आधी सेन्सरवर संशय घे. वॉश कधी झाला, प्रोब (टेम्परेचरचा सेन्सर) कधी बदलला हे ग्राफ सांगत नाही, टेक लॉग, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीची नोंदवही सांगते, तीही कुणा एएमईच्या (मेंटेनन्स इंजिनिअरच्या) घाईतल्या अक्षरात, आणि एकच बिघाड तीन जण तीन तऱ्हेने लिहितात. ते साफ करण्यातच तुझे महिने जाणार बघ.

अलार्म वाजला की काम झालं, असंही नसतं. 1 एप्रिल 2009 ला स्कॉटलंडजवळ समुद्रात सुपर प्यूमा हेलिकॉप्टर पडलं, 16 जण गेले, गिअरबॉक्समधला प्लॅनेट गिअर तुटला होता. आठवडाभर आधी, 25 मार्चला, चिप डिटेक्टरवर, म्हणजे तेलातले धातूचे कण पकडणाऱ्या चुंबकावर, धातूचा एक कण सापडलेला! ऑपरेटर आणि बनवणारी कंपनी यांच्यात फोन-ईमेल झाले, त्यात गैरसमज झाला आणि गिअरबॉक्सचा तो भाग उघडून बघायचा राहिला. उलट 2016 ला नॉर्वेत ईसी225 हेलिकॉप्टर पडलं, तिथेही प्लॅनेट गिअरच, पण तडा आतल्या आत पसरला, डिटेक्टरला पत्ताच लागला नाही, 13 गेले. या दोन्हींचे तपास अहवाल नेटवर फुकट आहेत, एखादा कोर्स कमी कर पण हे वाच.

खोट्या अलार्मचं म्हणशील तर, अलार्म आला म्हणून विमानातला बॉक्स (इलेक्ट्रॉनिक युनिट) काढून दुरुस्तीच्या शॉपला पाठवला आणि 'नो फॉल्ट फाउंड' (बिघाड सापडला नाही) असा शेरा घेऊन परत आला, असं दोन-चारदा झालं की हँगरमधली माणसं तुझी स्क्रीन बघणं सोडतात, मग ॲक्युरसी कितीही असो. म्हणून डेमोच्या आधी लाइन मेंटेनन्सच्या माणसाला विचार, किती फ्लाइट आधी कळलं तर तुला उपयोग होईल, आणि तेव्हा स्टोअरमध्ये पार्ट असेल का? नागपूरलाच आहेस, मिहानच्या एमआरओमधलं (विमान दुरुस्ती केंद्रातलं) कुणी ओळखीचं निघतंय का बघ, नाहीतर मला कळव, मी बोलतो कुणाशी तरी.