नसलेलं पुस्तक मागितलं तर एपीआयने काय सांगावं?

वाचनालयाच्या पुस्तकांचं एपीआय, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमने मागितलेली माहिती देणारा प्रोग्रॅम, तुम्ही पायथनमध्ये बनवताय. त्यासाठी फ्लास्क घ्यावं की फास्टएपीआय (दोन्ही अशा कामाची तयार फ्रेमवर्क), हा तुमचा पहिला प्रश्न. फ्लास्कमध्ये सुरुवात झालीच आहे, तर आता बदलू नका. दोन्ही चांगली आहेत.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा: वाचनालयाच्या यादीत नसलेल्या क्रमांकाचं पुस्तक मागितलं की पान कोरं का दिसतं? तुमचा कोड पाहिला. पुस्तक सापडलं नाही की तुम्ही ‘पुस्तक नाही’ असा जेसन (माहिती पाठवायचा मजकुराचा साचा) पाठवता, पण स्टेटस कोड, म्हणजे मागणीचं काय झालं हे सांगणारा आकडा, २००च राहतो. २०० म्हणजे सगळं ठीक. मग तुमची जावास्क्रिप्ट त्यात पुस्तकाचं नाव शोधते, ते मिळत नाही, आणि पान रिकामं राहतं. रिटर्नच्या ओळीत जेसननंतर स्वल्पविराम देऊन ४०४, म्हणजे ‘सापडलं नाही’, लिहा.

एवढ्याने भागणार नाही. ४०४ आला तरी फेच (जावास्क्रिप्टमधलं माहिती मागवणारं फंक्शन) आपणहून एरर देत नाही; सर्व्हरपर्यंत पोचता न येण्यासारखी अडचण आली तरच देतं. म्हणून उत्तर आल्यावर आधी त्याचं ‘ओके’ (कोड यशाचा आहे का ते) तपासा, मगच नाव काढा. नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडे प्रत्येक चुकीला २०० जायचा, आणि बिघाड आपला की समोरच्याचा हे शोधण्यात माझे दोन दिवस गेले. तेव्हापासून कोड खरा सांगायचा, याबाबत मी आग्रही आहे. नवीन पुस्तक नोंदलं तर २०१, नाव रिकामं आलं तर ४००.

फ्रंटएंड, म्हणजे ब्राउझरमधलं पान, आठवडाभर बाजूला ठेवा. टर्मिनलमध्ये कर्लला (पत्त्यावर मागणी पाठवणारी कमांड) ‘डॅश आय’ (-i) लावून प्रत्येक पत्ता मागून बघा. पहिल्याच ओळीत कोड दिसतो. पोस्ट करताना, म्हणजे नवीन माहिती पाठवताना, ४१५ आला तर घाबरू नका, कंटेंट टाइपमध्ये (पाठवलेला मजकूर कुठल्या प्रकारचा ते सांगणारी ओळ) जेसन सांगायचं राहिलंय.

आणि हो, फाइल सेव्ह केली की नोंदवलेली पुस्तकं गायब होतात, असंही तुम्ही म्हणालात. यादी मेमरीत आहे, आणि डिबग मोड चालू असला की सेव्ह करताच सर्व्हर नव्याने सुरू होतो. गेट (माहिती मागणं) आणि पोस्ट हाताला बसेपर्यंत हे चालू द्या. मग एसक्यूलाइट (फाइलमध्ये माहिती साठवणारा डेटाबेस) घ्या, पायथनसोबतच येतं. फक्त क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, नाव जोडून स्ट्रिंग बनवू नका. तिथे प्रश्नचिन्ह ठेवा आणि नाव वेगळं द्या. नाहीतर पाठवणारा नावाच्या जागी स्वतःची क्वेरी घुसवू शकतो.

४०४चा बदल केलात की कर्लचं उत्तर जसंच्या तसं इथे टाका, पुढचं त्यावरून बघू.