कार्ड बसलं, पण ओळखलं जात नाही

प्रश्न: नव्वदच्या दशकातला ईआयएसए (त्या काळच्या कार्ड-स्लॉटची एक पद्धत) सर्व्हर आहे. बॅटरी बदलल्यापासून सुरू होताना कॉन्फिगरेशनची चूक दाखवून थांबतो. आत ईआयएसए स्कझी कंट्रोलर (डिस्क जोडणारं कार्ड) आणि एनई२००० जातीचं, आयएसए या त्याहून जुन्या पद्धतीचं नेटवर्क कार्ड आहे. दोन्ही काढून पुन्हा बसवली, फरक नाही.

उत्तर: फरक पडणारही नाही, कारण बिघाड कार्डात नाही. कोणत्या स्लॉटमध्ये कोणतं कार्ड आहे, त्याला कोणता इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारी खूण) दिला आहे, ही नोंद ईआयएसए मशीन बॅटरीवर टिकणाऱ्या मेमरीत ठेवतं. बॅटरी गेली की नोंद पुसली. सुरू होताना बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) प्रत्येक स्लॉटमधल्या कार्डाचा आयडी वाचून नोंदीशी ताडून पाहतो आणि जुळलं नाही की अडतो. चांगलं चालणारं कार्ड नुसतं शेजारच्या स्लॉटमध्ये हलवलं तरी हीच चूक येते.

नोंद पुन्हा लिहायला ईसीयूची, म्हणजे ईआयएसए कॉन्फिगरेशन युटिलिटीची, फ्लॉपी लागते. ती त्याच मदरबोर्डसाठीची हवी. शिवाय ईआयएसए कार्डाची सीएफजी, म्हणजे कॉन्फिगरेशनची, फाइल फ्लॉपीवर असावी लागते. तिचं नाव ओळखू येतं: आधी उद्गारचिन्ह, मग उत्पादकाची तीन अक्षरं, मग चार हेक्स अंक. स्कझी कंट्रोलरची फाइल नसेल तर ती आधी उतरवून घ्या. मूळ फ्लॉपी बाजूला ठेवून कॉपीवर काम करा, आणि कॉपीच्या कोपऱ्यातली राइट प्रोटेक्टची खिडकी सरकपट्टीने बंद करा. खिडकी उघडी राहिली तर फ्लॉपीवर काहीच लिहिता येत नाही, आणि तयार मांडणीचा बॅकअप तिथेच राहिलेला बरा.

आता आयएसए कार्ड. त्याला आयडी नसतो, त्यामुळे ते ईसीयूला दिसतच नाही. यादीत ते आपण हाताने घालायचं, आणि युटिलिटी जे आकडे ठरवेल त्यांप्रमाणे कार्डावरचे जम्पर (पिना जोडणारी छोटी टोपणं) स्वतः लावायचे. पडद्यावर आकडा बदलला म्हणजे जम्पर बदलला, असं समजून पुष्कळजण फसतात.

एनई२००० बहुधा पोर्ट ३०० (हा हेक्स पत्ता) आणि आयआरक्यू, म्हणजे इंटरप्ट क्रमांक, ३ वर लावलेलं येतं. ३ हा दुसऱ्या सिरीयल पोर्टचा. कार्डावर १० किंवा ११ चा जम्पर असेल तर तो घ्या, नसेल तर ५. पोर्ट ३०० वरच राहू द्या, पण हे कार्ड तिथून ३१एफपर्यंत ३२ पत्ते अडवतं हे ध्यानात ठेवा. ३१० वर दुसरं काही बसवलं तर आकडा वेगळा दिसला तरी टक्कर होईलच. ३६० वर नेलं तर ३७८ चा प्रिंटर पोर्ट त्याच्या पोटात जातो.

आणखी एक. ईआयएसए कार्डं लेव्हल पद्धतीचा (दखल घेईपर्यंत टिकून राहणारा) इंटरप्ट वापरू शकतात, म्हणून त्यांच्यात एक आयआरक्यू वाटून घेता येतो. आयएसए कार्ड एज पद्धतीचं (क्षणिक बदलानेच खूण देणारं) असतं, त्याला वाटणी जमत नाही. दोघांना एकच आयआरक्यू दिला तर मशीन सुरू होईल, एकेकटी चाचणी पासही होईल, पण डिस्क आणि नेटवर्क दोन्हींवर एकदम काम पडलं की सगळं गोठेल. असला बिघाड शोधण्यात दिवस जातो, म्हणून ईसीयूमध्ये आयएसए कार्डाचा आयआरक्यू एज आणि स्वतंत्र आहे ना, हे आधीच पाहा.

बॅटरीबद्दल थोडं. काही बोर्डांवर सुटी बॅटरी नसते, डॅलस कंपनीच्या काळ्या घड्याळ-चिपच्या पोटातच ती असते. बोर्डावर डीएस१३८७ असेल तर तिच्याजागी डीएस१२८८७ लावू नका. पहिलीत घड्याळासोबत ४ किलोबाइट मेमरी आहे, दुसरीत मोकळे फक्त ११४ बाइट. त्यात ही मांडणी मावणार नाही.

प्रश्न: पीसीआय-एक्स १३३ (सर्व्हरमधली जलद पीसीआय) च्या स्लॉटमध्ये रेड कार्ड (अनेक डिस्क एकत्र चालवणारं) आहे. शेजारी जुनं नेटवर्क कार्ड लावल्यापासून डिस्क मंदावल्या.

उत्तर: दोन्ही स्लॉट एकाच बसवर, म्हणजे सामाईक वाहिनीवर, असणार. पीसीआयमध्ये बस सर्वांत सावकाश कार्डाच्या चालीने चालते. ६४ बिट, १३३ मेगाहर्ट्झला सेकंदाला सुमारे १०६६ मेगाबाइटची कमाल मर्यादा असते. साधं ३३ मेगाहर्ट्झचं कार्ड शेजारी आलं की ती २६६ वर येते. दोन्ही कार्डं १३३ ची असली तरी एका बसवर दोन स्लॉट भरले की सहसा १०० मेगाहर्ट्झच मिळतात. स्लॉटच्या कडेला बोर्डावर छापलेलं वाचा, किंवा लिनक्समध्ये एलएसपीसीआय या कमांडची झाडासारखी मांडणी पाहा, आणि नेटवर्क कार्ड दुसऱ्या बसवर हलवा.

फक्त ५ व्होल्टचं कार्ड इथे बसणारच नाही: त्याची खाच ब्रॅकेटपासून लांब असते, ३.३ व्होल्टची जवळ. जोर लावू नका. ६४ बिटचं कार्ड मात्र ३२ बिटच्या स्लॉटमध्ये चालतं. मागचा भाग अधांतरी राहतो, तिथे कपॅसिटर आडवा येत नाही ना एवढं बघायचं.

प्रश्न: चौथं कार्ड लावल्यावर एक्स्पान्शन रॉम सुरू झाली नाही असा संदेश येतो. कार्ड वाया गेलं का?

उत्तर: नाही. कार्डांच्या रॉमना (मशीन सुरू होताना चालणाऱ्या कार्डावरच्या प्रोग्रामांना) मेमरीत सी०००० ते डीएफएफएफएफ ही १२८ किलोबाइटची जागा मिळते, त्यातले ३२ सहसा व्हीजीए, म्हणजे डिस्प्ले कार्ड, घेतं. उरलेल्यात नेटवर्क बूट, स्कझी, रेड अशी गर्दी झाली की शेवटच्याला जागा उरत नाही. ज्यावरून मशीन बूट करायचं नाही त्या कार्डाची बूट रॉम बायॉसमध्ये किंवा कार्डाच्या स्वतःच्या मेनूत बंद करा. ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःचा ड्रायव्हर वापरते, तिला या रॉमची गरज पडत नाही.

प्रश्न: झिऑन ई५ च्या दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये चार एम.२ ड्राइव्हचं कार्ड घातलं. एका स्लॉटमध्ये काहीच दिसत नाही, दुसऱ्यात एकच ड्राइव्ह दिसतो.

उत्तर: दोन वेगळी कारणं. ई५ मध्ये पीसीआय एक्स्प्रेसच्या लेन (स्लॉटकडे जाणाऱ्या माहितीच्या वाटा) प्रोसेसरमधूनच येतात, एकेकाकडून सहसा ४०. दुसरं सॉकेट रिकामं असेल तर त्याचे स्लॉट मृतच. एकच ड्राइव्ह दिसतो तो बायफर्केशन बंद असल्यामुळे: बायॉसमध्ये तो १६ लेनचा स्लॉट चार-चारच्या चार तुकड्यांत विभागा. पर्याय नसेल तर स्वतःची स्विच चिप असलेलं कार्ड घ्यावं लागेल. आणि बूट सॅटा डिस्कवरच ठेवा, जुन्या बायॉसना एनव्हीएमईवरून (असल्या एम.२ ड्राइव्हवरून) बूट करणं बहुधा जमत नाही.