झोपेची वेळ जमतच नाही

प्रश्न : ताई, मोठी ४ वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा. तो झोपला की ही त्याला उठवते. दिवसाचं काहीच ठरवता येत नाही. माझंच चुकतंय का?

उत्तर : नाही हो, तुमचं काही चुकत नाही. धाकट्याच्या वयात बरीच मुलं दिवसाच्या दोन झोपांवरून एकीवर येतात, तेव्हा सगळंच विस्कटतं. घड्याळ सोडा, क्रम धरा : जेवण, हात-तोंड धुणं, पडदा ओढणं, झोप. त्याच्या झोपेचे दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास होतायत ना, एवढंच बघा. मोठीला त्या वेळी वाटीभर पाणी आणि चमचा द्या. माझी लेक अर्धा अर्धा तास पाणी इकडचं तिकडे करत बसायची. फरशी मग पुसता येते. आणि तेव्हा कामाला उठू नका, तिच्याजवळच बसा. दिवसभरात आई तिच्या एकटीच्या वाट्याला तेवढीच येते.