वाचक विचारतात : दक्षिण मुंबईतला काळा घोडा परिसर

आम्ही सहा जण नाशिकहून सकाळच्या गाडीनं सीएसएमटीला उतरून संध्याकाळच्या गाडीनं परतणार. सोबत दोघं सत्तरीपुढचे आहेत. म्युझियम (छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय), जहांगीर कलादालन, आधुनिक कला संग्रहालय आणि घारापुरीची लेणी असं सगळं होईल का? (नाशिक)

घारापुरी आत्ताच यादीतून काढून टाका. लाँचचा एका बाजूचा प्रवासच तासाभराचा, वर शे-सव्वाशे पायऱ्या. ती सहल स्वतंत्र दिवसाची आहे. तिथली महिषासुरमर्दिनी आणि ब्रह्मा तुम्हाला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातच भेटतील, तेही हातभर अंतरावरून.

म्युझियम आधी घ्या. ते सकाळी सव्वादहाला उघडतं आणि सहाला बंद होतं. तीन तास फक्त त्याला द्या. स्टेशनपासून साधारण पावणेदोन किलोमीटर अंतर आहे. ज्येष्ठ मंडळी असताना ते चालत कापण्यात अर्थ नाही. सहा जणांना दोन टॅक्सी करा, आतल्या चालण्यासाठी पाय राखून ठेवा. मोठ्या बॅगा दाराशी जमा कराव्या लागतात, तेव्हा डबे-पिशव्यांचा पसारा कमीच असू द्या.

आत गेल्यावर नेहमी होणारी चूक अशी, की मुलांच्या हट्टापायी मंडळी आधी पेंढा भरलेल्या प्राण्यांकडे वळतात, तिथंच तासभर रमतात आणि शिल्पांपाशी पोचेपर्यंत पाय बोलायला लागतात. म्हणून क्रम उलटा करा. तळमजल्यावरचं शिल्पदालन पहिलं. सिंधमधल्या मीरपूरखासच्या बौद्ध स्तूपावरची भाजलेल्या मातीची शिल्पं तिथल्या घारापुरीच्या दगडी मूर्तींइतकीच बघण्यासारखी आहेत, पण आकारानं लहान असल्यानं लोक पुढे निघून जातात. मग प्राचीन इराकमधल्या असिरियन राजवाड्यातले उठावाचे शिलापट आणि लघुचित्रं. प्राणी शेवटी. दमलेल्या पोरांनाही ते आवडतातच.

आणि तुम्ही नाशिकचे, म्हणून एक खास. घुमटाखालच्या मधल्या दालनात मान वर करून लाकडी कमानी बघा. वास्तुरचनाकार जॉर्ज विटेट यांनी त्या नाशिकच्या एका वाड्यातून विकत घेऊन या इमारतीत बसवल्या. १९०५ मध्ये कोनशिला बसलेली ही वास्तू १९१४ मध्ये उभी राहिली, पण पहिल्या महायुद्धात तिथं लष्करी रुग्णालय थाटलं गेलं आणि म्युझियम म्हणून दारं उघडायला १९२२ उजाडलं.

जेवून समोरच्या चौकाकडचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, तासभर. कावसजी जहांगीर हॉल या जुन्या सभागृहाच्या पोटात अर्धवर्तुळाकार दालनं एकावर एक चढवून ते १९९६ मध्ये सुरू झालं. बघणं म्हणजे चढत जाणं. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी त्याऐवजी थेट जहांगीरमध्ये जावं. तिथं प्रवेशाला पैसे लागत नाहीत आणि सकाळी अकरा ते संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं. पाचच्या सुमारास मात्र निघाच, ऑफिस सुटल्यावर टॅक्सी मिळणं कठीण.

सोमवारी आलो तर? (सातारा)

आधुनिक कला संग्रहालय बंद, घारापुरीही बंद. म्युझियम आणि जहांगीर चालू. जहांगीरमधली बहुतेक प्रदर्शनं मंगळवारी सुरू होऊन पुढच्या सोमवारी संपतात. त्यामुळे सोमवारी संध्याकाळी चित्रं उतरवण्याची घाई आणि मंगळवारी सकाळी टांगण्याची. बुधवार ते शनिवार सर्वांत बरा. महाराष्ट्र दिनाची सुट्टी साधून येऊ नका, १ मे रोजी म्युझियम बंद असतं. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरलाही तेच.

फेब्रुवारीच्या सुरुवातीचा काळा घोडा कला महोत्सव नऊ दिवसांचा असतो. तो गर्दीसह अनुभवायचा असेल तर जरूर या. संग्रहालयं नीट बघायची असतील तर ते दिवस टाळा.

मुलगी कलाशाखेच्या पहिल्या वर्षाला आहे. इमारतींची रेखाटनं करायला कुठं बसावं? (कोल्हापूर)

जहांगीरच्या बाजूच्या फुटपाथवर, सकाळी. समोरच्या ओळीतलं एल्फिन्स्टन कॉलेज आणि डेव्हिड ससून ग्रंथालय (१८७०) पूर्वेकडे तोंड करून आहेत. सकाळचं ऊन त्यांच्या दर्शनी बाजूवर पडतं आणि आपण सावलीत बसतो. दुपारनंतर ऊन पाठीमागे गेलं की कमानींची खोली सपाट दिसायला लागते. ससूनचा पिवळसर दगड मालाडचा. तो काळ्या बेसाल्टपेक्षा मऊ, म्हणून त्यात बारीक कोरीवकाम जमतं, आणि म्हणूनच तो झिजतोही लवकर. म्युझियमच्या भिंतींत हाच मालाडचा दगड आणि कुर्ल्याचा राखाडी बेसाल्ट एकत्र आहेत. जलरंग वापरणार असेल तर या दोन रंगांची मिश्रणं घरूनच करून बघू द्या.

त्याच ओळीत पुढे ओतीव लोखंडाच्या सांगाड्याची वॉटसन हॉटेलची इमारत आहे. ७ जुलै १८९६ रोजी देशातला पहिला चित्रपटाचा खेळ इथंच झाला. ती फार जीर्ण झाली आहे, तिचं चित्र समोरच्या बाजूनं काढावं, तिच्या सज्जांखाली बसून नव्हे.

जहांगीरबाहेर फुटपाथवर विकायला ठेवलेली चित्रं घ्यावीत का? (ठाणे)

घ्या, पण आधी हाताने काढलेलं की छापील, हे सरळ विचारा. चित्र तिरपं धरून बघितलं तर हाताच्या कामात रंगाचे थर आणि कागदाचा पोत कळतो. फ्रेमसकट घेऊ नका, लोकलमध्ये काच फुटते. कागदावरचं असेल तर गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत घ्यावं, चित्राची बाजू बाहेर ठेवून. जाड रंगाचं कॅनव्हास आत वळवून गुंडाळलं की रंगाला सुरकुत्या पडतात.

जहांगीरमधल्या 'समोवार' या उपाहारगृहात बसायचा बेत असेल तर ते २०१५ मध्येच बंद झालं. चहाला फोर्टमधल्या उडुप्याकडे जा.

खरा काळा घोडा कुठं आहे? (लातूर)

भायखळ्याला, राणीच्या बागेत. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, याचा तो अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये इथून हलवला गेला. इथं दिसतो तो २०१७ मधला, स्वाराविना. जुना बघायचा असेल तर बुधवार सोडून जा, त्या दिवशी बाग बंद असते.