घर आणि दुरुस्ती : लूव्हरच्या झडपेची पट्टी किती रुंद घ्यावी?

प्रश्न : बेडरूमची खिडकी 1200 बाय 1200 मिमी आहे. बाहेरून ग्रिल, मध्ये सरकती काच आणि मच्छरजाळी. आतून लाकडी लूव्हरच्या, म्हणजे फिरणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या, झडपा बसवायच्या आहेत. सुतार अडीच इंची पट्टी सांगतो, दुकानदार साडेतीन इंची. कुणाचं ऐकावं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : दोघांचंही ऐकण्याआधी टेप घ्या. पट्टी आडवी उघडली की तिची अर्धी रुंदी काचेकडे जाते आणि अर्धी खोलीकडे. काचेकडचा अर्धा भाग कशावर आपटतो, त्यावर माप ठरतं. दिसण्याचा विचार त्यानंतरचा.

बाजारात साधारण चार मापं मिळतात : 64, 76, 89 आणि 114 मिमी, म्हणजे अडीच, तीन, साडेतीन आणि साडेचार इंच. त्यांना झडपेच्या जाडीच्या मध्यरेषेपासून मागे अनुक्रमे 32, 38, 44.5 आणि 57 मिमी मोकळी जागा लागते. शिवाय किमान 5 मिमी सूट धरा.

समजा काचेच्या ट्रॅकपासून आतल्या गिलाव्याच्या कडेपर्यंत 70 मिमी खोली आहे. झडप 28 मिमी जाड आणि भिंतीशी समतल बसवलेली, तर तिची मध्यरेषा ट्रॅकपासून 56 मिमीवर येते. सरकत्या काचेचं हँडल 15 मिमी बाहेर आलेलं असतं, ते वजा करा; सूट वजा करा. उरले 36. म्हणजे 64 मिमीची पट्टी बसते, 76 ला सूट धरून दोन मिमी कमी पडतात आणि 89 ची तर हँडलवर आपटून अर्धवटच उघडते. हँडल मोजायचं राहून गेल्याने हीच चूक वारंवार होते. ट्रॅक मोजला जातो, हँडल विसरलं जातं.

तरीही 89 हवी असेल तर चौकट 12 मिमी खोलीच्या बाजूला पुढे काढा. मग 48 मिमी मिळतात आणि काम होतं. चौकटीची कड भिंतीबाहेर दिसेल, तिला एक छोटी गोल पट्टी मारली की झालं.

आता उंचीचा हिशोब. झडपेचं मधलं रिकामं अंतर, म्हणजे वरचा आणि खालचा आडवा (झडपेचं आडवं लाकूड) सोडून, पट्ट्यांमध्ये पूर्ण वाटलं गेलं पाहिजे. दोन पट्ट्यांमधलं अंतर पट्टीच्या रुंदीपेक्षा 7 ते 10 मिमी कमी ठेवतात, म्हणजे बंद केल्यावर पट्ट्या एकमेकींवर चढतात. तुमच्या खिडकीत चौकटीची जाडी वर-खाली 25 मिमी आणि फटी 3-3 मिमी धरल्या तर झडप 1144 मिमी उंच होते. 90 मिमीचे दोन आडवे वजा केले की 964 उरतात. 64 च्या 17 पट्ट्या बसतात, अंतर 56.7. 89 च्या 12 बसतात, अंतर 80.3. दोन्ही हिशोब नीट जुळतात. अकरा बसवल्या तर चढ 1.4 मिमीच राहतो आणि बंद झडपेतून उजेडाच्या रेघा दिसतात. सगळ्यात वरच्या आणि खालच्या पट्टीच्या कडा आडव्याच्या खाचेत शिरायला हव्यात, हे सुताराला आधीच सांगा.

11 मिमी जाडीच्या पट्ट्या पूर्ण उघडल्यावर 64 मध्ये 46 मिमीची फट मिळते, 89 मध्ये 69 ची. म्हणजे मोकळं क्षेत्र सुमारे 81 टक्के आणि 86 टक्के. वाऱ्यासाठी हा फरक नगण्य आहे. फरक पडतो तो बाहेरच्या दृश्यात आणि पुसण्यात : दोन झडपांत 34 पट्ट्या की 24. पावसाळ्यात बुरशी पुसताना तो आकडा आठवेल. आमचं मत 89 च्या बाजूने, पण चौकट पुढे काढायची तयारी असेल तरच. नसेल तर सुतार बरोबर आहे.

आणि दोनच झडपा करा. चार केल्या तर प्रत्येकीत उभ्यांचं, म्हणजे बाजूच्या उभ्या पट्ट्यांचं, लाकूड वाढतं आणि पट्टी जेमतेम 180 मिमी लांब उरते. खिडकी कमी, लाकूड जास्त.

प्रश्न : पणजीतल्या जुन्या घराच्या चिऱ्याच्या भिंतीत शिंपल्यांच्या (काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेल्या) खिडक्या आहेत. भिंत जाड असल्याने साडेचार इंची पट्टी घेता येईल का?
— एक वाचक, पणजी

उत्तर : बसेल, पण घेऊ नका. शिंपल्यातून उजेड येतो, दृश्य येत नाही. शिंपल्याची झडप बंद असताना रुंद पट्टीचा मुख्य फायदाच राहत नाही. खिडकी अरुंद आणि 900 मिमी उंच असेल, तर 114 च्या जेमतेम सहा-सात पट्ट्या येतात आणि त्या फळ्या ठोकल्यासारख्या दिसतात. 64 घ्या. आत उघडणाऱ्या भरीव लाकडी झडपा असतील तर त्यांच्या फिरण्याची वाट आधी मोजा. जुन्या लाकडात भोकं पाडू नका. नवी चौकट गिलाव्यात बसवा.

प्रश्न : मार्चमध्ये केलेल्या झडपा जुलैत अडकतात. रंधा मारून घेऊ का?
— एक वाचक, कळंगुट

उत्तर : आधी कुठे घासतं ते पाहा. वरचा मधला कोपरा शेजारच्या झडपेला आणि खालचा कोपरा चौकटीला घासत असेल, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेत. रंध्याची गरजच नाही.

पूर्ण उंचीभर घासत असेल तर लाकूड फुगलंय. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, त्यामुळे पट्ट्या दोषी नाहीत. उभे रुंदीत फुगतात. मार्चमध्ये कोरडं असलेलं सागवान पावसात 100 मिमीमागे साधारण एक मिमी वाढू शकतं. 50 मिमीचे चार उभे, म्हणजे 2 मिमी. फटी 3 मिमीच्या असतील तर हे सहज मावतं. तुमच्या नक्कीच एकेक मिमीच्या असणार. आता पोटभर रंधा मारलात तर जानेवारीत उजेडाची रेघ दिसेल. फक्त घासणारी जागा एक सूतापेक्षा (सुमारे 3 मिमी) कमी घ्या आणि उघडं पडलेलं लाकूड लगेच सील करा. भर पावसात लॅकर मारलंत तर पांढरट झाक येते, ते काम ऑक्टोबरनंतर.

समुद्राजवळ आहात, तेव्हा बिजागऱ्या पितळी किंवा 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. 304 वर खारट हवेने डाग पडतात.

प्रश्न : पट्ट्या अर्ध्या उघडून ठेवल्या की आपोआप मिटतात.
— एक वाचक, काणकोण

उत्तर : बहुतेक झडपांत उभ्याच्या कडेवर, पट्ट्यांच्या ओळीत एक ताण-स्क्रू असतो. तो पाव फेरा आवळा, पट्टी जागेवर राहते का बघा, नसेल तर आणखी पाव. एकदम आवळलात तर पट्टीच्या टोकाची खुंटी तुटते. आवळूनही मिटत असेल तर पट्टी फार लांब असू शकते. लाकडी पट्टी साडेसातशे मिमीपलीकडे मध्ये झुकू लागते, अॅल्युमिनियमचा गाभा नसलेली पीव्हीसीची त्याच्याही आधी.