हायड्रोजन पाण्यापासून बनतो, मग सगळे इलेक्ट्रिक गाड्यांच्याच मागे का लागलेत?

पाणी स्वस्त आहे हो, पण ते फोडायला वीज लागते आणि सगळी गोम तिथेच आहे. आधी वीज घालून हायड्रोजन बनवायचा, मग गाडीतल्या फ्युएल सेलमध्ये त्याचीच परत वीज करायची आणि तिच्यावर मोटर फिरवायची, असा हा द्राविडी प्राणायाम.

एक किलो हायड्रोजन बनवायला इलेक्ट्रोलायझर (पाणी फोडणारं यंत्र) साधारण 50-55 युनिट खातो, वर 700 बारला (हवेच्या दाबाच्या साधारण सातशे पट) दाबून टाकीत भरायला अजून चारपाच, म्हणजे 60 धरा. एवढ्यात टोयोटा मिराई (गडकरी 2022 मध्ये संसदेत घेऊन गेले होते तीच) शंभर-एकशे दहा किलोमीटर जाते. तेच 60 युनिट सरळ बॅटरीत भरले तर चार्जिंगमधली गळती धरूनही साधी इलेक्ट्रिक गाडी तीनशेच्या पुढे जाते. टाकी पाच मिनिटात भरते हे खरंय, पण पंप असला तर ना! शेल या तेल कंपनीने कॅलिफोर्नियातले कारसाठीचे हायड्रोजन पंप 2024 मध्ये बंद केले. जर्मनीत लोअर सॅक्सनी राज्याने 2022 ला हायड्रोजन ट्रेन सुरू केल्या, जगभर फोटो छापून आले, आणि पुढच्याच वर्षी ठरवलं की यापुढे घ्यायच्या त्या बॅटरीवाल्या.

मी बरीच वर्षं अमोनिया प्लांटला मेंटेनन्समध्ये होतो, त्यामुळे हा गॅस सांभाळणं काय असतं ते माहितीये. रेणू इतका बारीक की जिथून दुसरा गॅस हलणार नाही त्या फ्लँजमधून (पाइपच्या जोडातून) हा निघतो, आणि पेटला तर दिवसाउजेडी ज्योत दिसतच नाही. आता डिटेक्टर असतात, पण जुने लोक सांगायचे की लीकचा संशय आला की लांब दांड्याचा झाडू पुढे धरून चालायचं, झाडू पेटला की तिथेच थांबायचं. ट्रेन्ड माणसं असली की काही होत नाही, पण हे गल्लीतल्या पंपावर आणायचं म्हणजे खर्च आलाच.

म्हणून हायड्रोजन बिनकामाचा असं अजिबात नाही. युरिया बनवायला अमोनिया लागतो आणि अमोनियाला हायड्रोजन, तिथे बॅटरी काय करणार? आज तो बहुतेक नैसर्गिक वायूतून काढतात, किलोमागे नऊदहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा हिरवा (म्हणजे सोलर-पवन विजेवर पाण्यातून काढलेला) हायड्रोजन आधी तिथे हवा, मग स्टीलला. केंद्र सरकारच्या 2023 च्या हिरव्या हायड्रोजनच्या मिशनचं टार्गेट 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन आहे, आणि त्यासाठी सव्वा लाख मेगावॉट नवीन सोलर-पवन वीज लागेल असं सरकारच म्हणतंय. एवढी वीज उभी करून ती कारच्या टाकीत घालायची म्हणजे दोन तृतीयांश वाटेतच घालवायची. लांब पल्ल्याचे ट्रक आणि जहाजं यांच्याबाबतीत मात्र वाद अजून चालू आहे, तिथे बॅटरीचं वजन खरंच आड येतं.